नुरा कुस्तीतला खरा राग

बसा, बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिल्या दोन रांगा रिकाम्या आहेत आणि मी काही कुणाला उचलून आपटणार नाही. आत्ता दारात दोन ज्येष्ठ मंडळींनी मला अडवलं, म्हणाले कुस्तीवर बोलणार म्हणजे महाराष्ट्र केसरीवर ना, म्हटलं नाही हो काका, ती टीव्हीवरची, अमेरिकेतली, त्यावर एक काका म्हणाले, "म्हणजे ती खोटी?" हो, तीच. तरी ते आत येऊन बसलेत, तिसऱ्या रांगेत बघा, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करतो.

आपल्याकडे खोट्यापेक्षा नेमका शब्द आहे, नुरा. दोघांनी आधीच ठरवून खेळलेली कुस्ती. माझे आजोबा मला जत्रेच्या फडावर खांद्यावर बसवून न्यायचे आणि दोन पैलवान नुसती खडाखडी करत, अंगावर माती टाकत वेळ काढायला लागले की आजूबाजूची माणसं उठून ओरडायची, "नुरा हाय! सोडवा त्यास्नी!" आणि तालमीचा वस्ताद खाली मान घालून बसायचा. पण हेच आजोबा दारासिंग आणि किंगकाँगच्या फ्रीस्टाइल कुस्त्या सांगायला लागले, एवढं धूड दारासिंगने डोक्यावर कसं उचललं ते हात वर करून दाखवायला लागले, की तिथे मात्र नुरा हा शब्द त्यांच्या तोंडात यायचा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अरे, ठाऊक असून तिकीट काढलं तर नुरा कसली, तो खेळ झाला."

अमेरिकेत हाच खेळ शंभर वर्षांहून जास्त काळ धंदा म्हणून चाललाय. कोण जिंकणार ते आधी ठरतं, त्याला बुकिंग म्हणतात. ठरवून केलेलं ते वर्क, न ठरवता खरंच झालेलं ते शूट, आणि सगळंच खरं आहे असा आव आणत राहायचं ते केफेब. आता निकाल ठरलेला असतो हे शेंबड्या पोरालाही माहितीये, मग तुम्ही म्हणाल की फॅन भांडतात तरी कशावर? निकालावर भांडून फायदा नाही, म्हणून लोक माणसावरून भांडतात, कंपनीवरून भांडतात, आणि आमच्या पिढीत असं भांडण सगळ्यात जास्त ज्याने लावलं तो माणूस म्हणजे सीएम पंक.

खरं नाव फिल ब्रुक्स, शिकागोचा, 1978 चा जन्म. दारू नाही, सिगरेट नाही, ड्रग्ज नाही, त्याला तिकडे स्ट्रेट एज म्हणतात. दिसायला हिरो नाही, अंगावर टॅटू, पोट जरा सुटलेलंच, आणि जीभ मात्र अशी की विचारू नका. 27 जून 2011, लास वेगास, डब्ल्यूडब्ल्यूई या सगळ्यात मोठ्या कंपनीच्या रॉ या टीव्ही शोचा एपिसोड. मॅचमध्ये लुडबूड करून त्याने कंपनीचा लाडका हिरो जॉन सीना याला हरवायला लावलं, मग माइक घेतला आणि वर रॅम्पच्या तोंडाशी मांडी घालून बसला, आपण ओट्यावर बसतो ना तसा, अंगात स्टोन कोल्ड या जुन्या बंडखोर पैलवानाचा टीशर्ट. तिथून तो बोलायला लागला. मी जगात बेस्ट आहे पण माझा फोटो तुमच्या कपांवर नसतो, पोस्टरवर नसतो, माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय आणि मी तुमचा चॅम्पियनचा बेल्ट घेऊन निघून जाणार. बाहेरच्या छोट्या कंपन्यांची नावं घेतली, जी डब्ल्यूडब्ल्यूईच्या टीव्हीवर घ्यायची पद्धतच नव्हती, कॅमेऱ्यात बघून आपल्या मित्राला, कोल्ट कबानाला, हाय केलं, मालक विन्स मॅकमहॉनवर घसरला, त्याच्या मुलीवर घसरला आणि जावयाला तर सरळ बावळट म्हणाला. आणि मध्येच माइक बंद झाला. तोंड हलतंय, आवाज नाही.

आता ते वर्क होतं का शूट? उत्तर सोपंय, कंपनीने त्याला मोकळं सोडलेलं होतं, कॅमेरे चालू होते, म्हणजे वर्कच. पण त्याचा राग खरा होता. मी तो प्रोमो, म्हणजे ते माइकवरचं बोलणं, नंतर यूट्यूबवर पाहिला, दर दहा सेकंदाला बफर होत होता, तरी दोनदा पाहिला. तेव्हा मी एका हापिसात होतो जिथे काम एकाचं आणि फोटो दुसऱ्याचा असं चालायचं, त्यामुळे मला तो माझाच माणूस वाटला. पंकचा धंदा मला विचाराल तर एवढाच आहे. नुरा कुस्तीत तो खरा राग विकतो. आणि खरा राग विकणाऱ्याची पंचाईत अशी की दुकान बंद केल्यावरही तो माल त्याच्याकडेच शिल्लक राहतो.

पुढे तो 434 दिवस सलग चॅम्पियन होता, तरी त्या काळातल्या रेसलमेनियाचा, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोचा, शेवटचा मानाचा सामना रॉक आणि सीनाचाच झाला. हे दुखणं त्याने सोडलं नाही. जानेवारी 2014 ला रॉयल रंबल हा शो झाला आणि हा उठून घरी गेला. त्याच जूनमध्ये, लग्नाच्या दिवशीच, कंपनीची काढून टाकल्याची कागदं आली. मग त्याने कबानाच्या पॉडकास्टवर सगळं ओकलं, दुखापती, इन्फेक्शन, पैसे, सगळं. त्यावर कंपनीच्या डॉक्टरने दोघांवर दावा लावला, 2018 ला ज्युरीने या दोघांच्या बाजूने निकाल दिला, आणि जिंकल्यावर हे दोन जिगरी दोस्त वकिलाच्या बिलावरून एकमेकांवर कोर्टात गेले. जिंकून मैत्री घालवणं काय असतं ते बघा. मधे तो यूएफसीत खऱ्या मारामारीलाही उतरला, दोन्हीदा मार खाल्ला, तो विषय सोडू.

तोपर्यंत दुसरी कंपनी उभी राहिली होती. 2019 ला टोनी खान, वडील अब्जाधीश, फुटबॉल क्लबवाले, त्याने कोडी, यंग बक्स ही जोडी, केनी ओमेगा या पैलवानांना घेऊन एईडब्ल्यू काढली. पैलवानच मॅनेजमेंटमध्ये, एक्झिक्युटिव्ह व्हाइस प्रेसिडेंट वगैरे हुद्दे. 2001 मध्ये विन्सने डब्ल्यूसीडब्ल्यू ही समोरची कंपनी विकत घेतल्यापासून त्याला तोडीचा प्रतिस्पर्धीच नव्हता, त्यामुळे आम्हा लोकांना म्हणजे पाऊस पडल्यासारखं झालं. आणि 20 ऑगस्ट 2021 ला शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्ये पंक आला, सात वर्षांनी. नाव जाहीर केलेलं नव्हतं, लोकांनी नुसत्या वासावर हॉल भरला. त्याचं एन्ट्रीचं गाणं वाजलं आणि मोठमोठे बाप्ये रडत होते. त्याने सगळ्यांना आइस्क्रीम वाटलं. खरंच, जाताना प्रत्येकाला एक आइस्क्रीम.

आता माझ्या घरातलं सांगतो. माझा भाचा आहे, कट्टर डब्ल्यूडब्ल्यूईवाला. तो तेव्हा म्हणायचा, "मामा, तुझा पंक म्हातारा झाला, रडका आहे, म्हणून त्या छोट्या कंपनीत गेला." आणि माझा एक मित्र, कॉलेजपासूनचा, एईडब्ल्यूचा भक्त, तो म्हणायचा की पंक म्हणजे स्वाभिमान. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, मी परत येतो त्यांच्याकडे.

मग 4 सप्टेंबर 2022. पंक नुकताच मॉक्सलीला हरवून चॅम्पियन झालेला, दंडाचा स्नायू फाटलेला, आणि मॅचनंतर पत्रकारांसमोर येऊन बसला. समोर बेकरीचे मफिन. शेजारी मालक टोनी खान. कुणी धड काही विचारायच्या आधीच याने मफिन खात खात कबानाचा विषय काढला, मग हँगमन पेज या तिथल्याच पैलवानाला धुतलं कारण त्याने काही महिन्यांपूर्वी टीव्हीवर एक टोमणा मारला होता, आणि मग त्या व्हाइस प्रेसिडेंट लोकांवर आला की यांना टार्गेटचं एक दुकानसुद्धा चालवता यायचं नाही. आपल्याकडचं डी-मार्ट समजा. तो व्हिडिओ परत बघाल तेव्हा पंककडे बघू नका, टोनी खानकडे बघा. चेहरा असा की लग्नात मुलीच्या काकाने माइक हातात घेतलाय आणि बापाला कळत नाहीये की काढून घ्यावा की हसावं. त्याने माइक काढून घेतला नाही. माझ्या मते एईडब्ल्यूचं दुखणं तिथे आहे, मालक फॅन आहे. फॅन असणं चांगलंच, पण तालमीचा वस्ताद पैलवानाचा फॅन झाला की तालीम कोण सांभाळणार? त्यानंतर आत ड्रेसिंग रूममध्ये खरा राडा झाला, बक्स आणि ओमेगा एकीकडे, पंक आणि त्याचा गुरू एस स्टील दुसरीकडे. सगळे सस्पेंड, बेल्ट काढून घेतले.

नऊ महिन्यांनी त्याला परत आणलं, त्याच्यासाठी शनिवारचा जवळजवळ वेगळा शोच काढला, म्हणजे चुली वेगळ्या केल्या. आणि 27 ऑगस्ट 2023, लंडन, वेम्बली. कंपनीने आकडा दिला 81,035. नंतर फाटकातून खरंच आत आलेल्यांचा आकडा निघाला, तो 72 हजारांच्या घरातला, आणि त्या फरकावर लोक आजही भांडतात, जणू यांना कमिशन मिळणार होतं. तर त्या दिवशी सुरुवातीच्या मॅचमध्ये जॅक पेरी नावाचा तरुण पोरगा एका गाडीच्या काचेकडे बोट दाखवत कॅमेऱ्यात बघून म्हणाला की ही खरी काच आहे, आता बसा रडत. हा टोमणा पंकला होता, म्हणतात की आधी कधीतरी पंकने त्याला खरी काच वापरू दिली नव्हती. तो पोरगा पडद्यामागे आला तेव्हा पंक तिथे उभा होता, पुढची मॅच त्याचीच. शब्दाला शब्द, ढकलाढकली, आणि पंकने त्याचा गळा धरला. हे सगळं झालं आणि दोन-चार मिनिटात हा बाहेर जाऊन सामोआ जो याच्याशी मॅच खेळला, जिंकला. आठवड्याभरात त्याला काढलं. टोनी खानने टीव्हीवर येऊन सांगितलं की मला जिवाची भीती वाटली. तेसुद्धा शिकागोत, पंकच्या गावात.

मी पंकच्या बाजूचा माणूस, पण इथे मी त्याची वकिली करणार नाही. वय 44, समोर ऐंशी हजारांच्या गोष्टी, आणि तू एका पोराच्या टोमण्यावर हात टाकतोस.

तीन महिन्यांनी, 25 नोव्हेंबर 2023, परत शिकागोजवळच, डब्ल्यूडब्ल्यूईचा सर्व्हायव्हर सिरीज संपता संपता तेच गाणं वाजलं. ज्याला बावळट जावई म्हणाला होता तो ट्रिपल एच आता तिथे सगळं ठरवणारा, आणि पंक त्याच्याकडे कामाला. आपल्याकडच्या राजकारणात हे रोज बघतो आपण, त्यामुळे मला तरी धक्का बसला नाही.

धक्का बसला तो घरी. भाच्याचा सकाळी फोन, "मामा! पंक आला! लेजंड आहे रे!" म्हटलं अरे, रडका ना? तर म्हणे ते एईडब्ल्यूत होता तेव्हा. आणि मित्राला फोन लावला तर तो म्हणाला, "नाव काढू नको, कॅन्सर होता तो लॉकर रूममधला, बरं झालं गेला." स्वाभिमान कुठे गेला? माणूस तोच, राग तोच, पाठीवरचा शिक्का तेवढा बदलला आणि या दोघांनी एका रात्रीत वाक्यांची अदलाबदल केली, आणि दोघांनाही वाटतंय की आपण पंकबद्दल बोलतोय.

हे नवीन नाही. 1997 ला मॉन्ट्रियलमध्ये ब्रेट हार्ट डब्ल्यूसीडब्ल्यूकडे निघाला होता, बेल्ट घेऊन जाईल या भीतीने विन्सने ऐनवेळी घंटा वाजवायला लावली आणि त्याला न सांगता हरवलं. ब्रेट विन्सच्या तोंडावर थुंकला. तेव्हाही लोकांनी असंच वाटून घेतलं, कुणी ब्रेट, कुणी विन्स. पण त्यात पैशाची गोष्ट बाजूला राहते. ब्रेटला डब्ल्यूसीडब्ल्यूने वर्षाला 25 लाख डॉलरच्या आसपासची ऑफर दिली कारण दोन कंपन्या होत्या. एक असती तर कोण देणार होतं? 2001 नंतर एकच उरली आणि पैलवानांना जायला जागा राहिली नाही, मिळेल ते घ्या. 2019 नंतर परत जागा झाली. म्हणून भाचा जेव्हा म्हणतो एईडब्ल्यू बुडू दे, तेव्हा मी त्याला म्हणतो बाबा रे, शेजारची तालीम बंद पडली की आपल्या पैलवानाचं इनाम अर्धं होतं.

पंकला शेवटी ते मिळालं, एप्रिल 2025 च्या रेसलमेनियात पहिल्या रात्रीचा शेवटचा सामना, रोमन रेन्स आणि सेथ रॉलिन्सबरोबर. हरला, पण मिळालं. आणि दोन महिन्यांनी तो सौदीत, रियाधला होता. 2020 मध्ये याच सौदीच्या शोवरून याने मिझ या डब्ल्यूडब्ल्यूईच्या पैलवानाला ट्विटरवर जे लिहिलं होतं ते मी इथे वाचू शकत नाही, पुढे लहान मुलं बसलीत. रियाधला कुणीतरी गर्दीतून त्या ट्विटची आठवण दिली आणि पंकने माफी मागितली. खरं सांगू, मफिन मला चालले, गळा धरणं नाही चाललं, पण हे बघताना मी मोबाइल बाजूला ठेवला. 2011 मध्ये रॅम्पवर मांडी घालून बसलेला माणूस आठवला. भाच्याला म्हटलं तर तो म्हणाला, "मामा, सगळेच जातात तिकडे." बरोबर आहे त्याचं. सगळेच जातात, आणि हा सगळ्यांसारखा नाही म्हणून तर मी बघत होतो.

असो. वेळ झाली, आयोजक घड्याळ दाखवतायत. कुणाला काही विचारायचंय का? हां, तिसरी रांग, काका, बोला. माइक द्या त्यांना.

"नाही, मला ते बाकीचं काही कळलं नाही, पण ती गाडीची काच, ती खरी होती का हो?"

तो पोरगा तरी तसंच म्हणाला, काका.