दोन पांढऱ्या पट्ट्यांमधील थंडी

पडद्यावरील हा पाण्याचा थेंब ज्या सिरॅमिकच्या पट्टीवर आहे, तिच्या दोन तारांना आत्ताच वीज जोडली आहे. ही पट्टी म्हणजे पेल्टिए मॉड्यूल: वीज दिली की तिची एक बाजू थंड होते आणि दुसरी तापते. गोठण्याची रेषा तळातून हळूहळू वर चढते आहे, आणि पाणी गोठताना प्रसरण पावत असल्यामुळे थेंबाच्या माथ्यावर एक बारीक टोक उभे राहिले आहे. आता तारांची अदलाबदल केली. तीच थंड बाजू तापू लागली आणि बर्फाचे पुन्हा पाणी झाले.

घड्याळांचा व्यवसाय सोडून विज्ञानाकडे वळलेले फ्रेंच संशोधक झां पेल्टिए यांना १८३४ मध्ये दोन धातूंच्या सांध्यावर विजेमुळे होणारा तापमानाचा हा बदल प्रथम आढळला. पुढे १८३८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एमिल लेन्झ यांनी बिस्मथ आणि अँटिमनी यांच्या सांध्यावर पाणी गोठवले आणि प्रवाह उलटवून ते वितळवूनही दाखवले. मात्र साध्या धातूंमध्ये हा परिणाम अगदी क्षीण असतो. त्याला उपयोगाचे बळ आले ते विसाव्या शतकाच्या मध्यास, अर्धवाहकांमुळे, म्हणजे धातूंपेक्षा कमी पण विद्युतरोधकांपेक्षा जास्त वीज वाहू देणाऱ्या पदार्थांमुळे.

पट्टी उघडली की आत करड्या, चमकदार ठोकळ्यांच्या रांगा दिसतात. हे बिस्मथ टेल्युराइड नावाचे अर्धवाहक आहे. सर्रास वापरल्या जाणाऱ्या, चार सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद मॉड्यूलमध्ये ‘एन’ आणि ‘पी’ प्रकारच्या (अनुक्रमे ऋण आणि धन विद्युतभार वाहणाऱ्या) ठोकळ्यांच्या १२७ जोड्या असतात. त्या विजेसाठी एकामागोमाग एक जोडलेल्या आणि उष्णतेसाठी शेजारी शेजारी उभ्या असल्यामुळे, प्रवाह वाहू लागताच सर्व जोड्या मिळून एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला नेतात. येथे काँप्रेसर नाही, शीतक वायू नाही, कंपन नाही. तरीही याला छोटा फ्रिज म्हणणे अपुरे आहे, कारण ठरवलेले तापमान अंशाच्या लहानशा भागापर्यंत धरून ठेवणे हे याचे खरे सामर्थ्य आहे.

डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर यंत्राच्या या धातूच्या ठोकळ्याखाली अशीच मॉड्यूल बसवलेली आहेत. नळ्यांमधील डीएनएचे धागे सुमारे ९५ अंश सेल्सिअसला सुटे होतात, त्यानंतर तापमान ५५ ते ६५ अंशांच्या आसपास उतरते, पुन्हा ७२ अंशांवर चढते, आणि हे चक्र साधारण तीस वेळा फिरते. सुरुवातीच्या काळात याच नळ्या एका गरम पात्रातून दुसऱ्यात हाताने हलवाव्या लागत.

दूरसंचाराच्या लेझरला तर एका अंशाचा फरकही जाणवतो. त्याची तरंगलांबी दर अंशामागे सुमारे ०.१ नॅनोमीटरने सरकते आणि त्याच तंतूतून वेगळ्या तरंगलांबीवर संदेश नेणाऱ्या शेजारच्या वाहिनीपासूनचे अंतर अनेकदा ०.८ नॅनोमीटरच असते. म्हणून या सोनेरी डबीत लेझरच्या तळाशी नखाहून लहान मॉड्यूल बसवलेले असते. वैज्ञानिक कॅमेऱ्यांत मॉड्यूलचे थर एकावर एक रचून संवेदक खोलवर थंड करतात, म्हणजे अंधारातही उमटणारा त्याचा स्वतःचा विद्युतप्रवाह मंदावतो.

काँप्रेसरच्या तुलनेत वीज जास्त लागते आणि तापलेल्या बाजूची उष्णता सतत काढून न्यावी लागते, म्हणून मोठ्या शीतगृहांत हे तंत्र परवडत नाही.

शेवटी हा आरसा: तो दवबिंदूमापकातील, म्हणजे हवेतील बाष्पाचे दव कोणत्या तापमानाला धरते ते मोजणाऱ्या उपकरणातील आहे. मॉड्यूल त्याला थंड करत जाते. दव धरताच परावर्तित प्रकाश मंदावतो, प्रवाह त्यानुसार आपोआप कमी-जास्त होतो आणि दवाचा थर जेथे स्थिर राहतो, ते तापमान नोंदवले जाते. कारखान्यातील हवेची आर्द्रता मोजणारी इतर उपकरणे याच आरशाशी ताडून पाहतात. पाहा, त्यावर आत्ताच धुके धरले आहे.