जुनी गाडी घेण्याआधी मानेवरचा नंबर वाचा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या आसपास कापसाचा पहिला वेचा विकला जातो, आंबिया बहाराच्या संत्र्याचे पैसे हाती येतात, आणि आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात जुन्या मोटारसायकलींचे सौदे सुरू होतात. माझे या भागात दुरुस्तीचे लहानसे गॅरेज आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावचे एक कास्तकार ऑइल बदलण्यासाठी गाडी घेऊन आले. गाडी त्यांनी बत्तीस हजारांत घेतली होती आणि विकणाऱ्याने "काका, कागदं पुढच्या बाजाराला आणून देतो" असे सांगून सगळी रक्कम मोजून घेतली होती. हँडलखालची मान मी पेट्रोलच्या फडक्याने पुसली, तेव्हा चेसिस नंबरचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचे, पहिले आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे दिसले. शेवटचे चार मात्र किंचित खाली उतरलेले होते आणि त्यांच्याभोवती नव्या रंगाखाली कानशीच्या बारीक रेघा होत्या, म्हणजे मूळ आकडे घासून नवे ठोकले होते. पुढे पोलिसांनी गाडी ताब्यात घेतली. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

ज्याची मालकी नाही त्याने विकलेल्या वस्तूची मालकी घेणाऱ्यालाही मिळत नाही, मग तुम्ही पैसे कितीही प्रामाणिकपणे मोजलेले असोत. शिवाय माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सत्तर हजारांची गाडी कागदांशिवाय पंचवीस हजारांत मिळत असेल, तर "मला काय माहीत" हे उत्तर ठाण्यात फार काळ टिकत नाही.

नंबर प्लेटवर विसंबू नका, कारण प्लेट दोन बोल्टवर बसते. चोरीच्या गाडीला त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या दुसऱ्या गाडीचा नंबर लावला, तर गाडीची नोंद दाखवणाऱ्या सरकारी एम-परिवहन ॲपवर सगळे बरोबरच दिसते. म्हणून आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, हातात घेऊन थेट लोखंडावरचे नंबर वाचावेत. चेसिस नंबर बहुधा हँडलच्या मानेवर कोरलेला असतो आणि इंजिन नंबर इंजिनच्या खोक्यावर, चिखल साचतो तिथेच. अलीकडच्या गाड्यांचा चेसिस नंबर अक्षरे आणि आकडे मिळून सतरा जागांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत. हीरोच्या गाडीचा नंबर एमबीएलने, बजाजचा एमडी२ने आणि होंडाचा एमई४ने सुरू होतो. टाकीवर एक नाव आणि मानेवर दुसऱ्याच कंपनीची अक्षरे असतील, तर सौदा तिथेच सोडावा. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली की नंबरची छाप उमटते. डोळ्याला न दिसणारी खाडाखोडही तिच्यात दिसते. मी ती छाप नेहमी घेतो, आणि एखादा विकणारा त्यावर चिडला तर मला तेवढे पुरे होते.

हे नंबर जुळल्यावर राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर गाडी चोरीच्या नोंदीत आहे का, ते तपासता येते. मात्र चोरी ताजी असेल तर नोंद चढायला वेळ लागू शकतो, त्यामुळे एवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

आपल्याकडे एमपी २८ किंवा एमपी ४८ पासिंगच्या, म्हणजे छिंदवाडा-बैतूलकडच्या गाड्या पुष्कळ येतात. त्या सगळ्या चोरीच्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. पण तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, नसेल तर गाडी तुमच्या नावावर होणार नाही. राज्यातल्या गाडीसाठी मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही घ्यावी आणि नाव बदलण्याचा अर्ज तीस दिवसांत द्यावा. नुसत्या स्टँपपेपरवरच्या विक्रीने आरटीओतील नाव बदलत नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र मागावे.

सौदा दिवसाउजेडी, शक्यतो मालकाच्या घरी करावा. गावात तो कोण आहे, हे शेजारची माणसे सांगतात. आणि शंका आलीच, तर तिथे वाद घालू नये. "घरी विचारून उद्या सांगतो" म्हणावे, निघावे, आणि पेन्सिलची छाप घेऊन ठाण्यात जावे.

नमस्कार.