डॉबरमनचं शेपूट गेलं कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपण सहज म्हणून जातो. पण डॉबरमनचं शेपूट कसं असतं असं विचारलं, तर पुष्कळजण अडखळतील. डॉबरमनला चांगलं लांब, वर वळणारं शेपूट असतं आणि कान लॅब्रेडॉरसारखे खाली पडलेले असतात. टोकदार कान आणि बोटभर शेपूट ही माणसाची करणी. बॉक्सर, रॉटवायलर यांची शेपटं आणि ग्रेट डेनचे कान यांचंही तेच.

आधी शेपटीचं पाहू. पिल्लू तीन ते पाच दिवसांचं असताना हे उरकतात. शेपटीत साधारण 20 मणके असतात, त्यातले बुडाचे एक-दोन ठेवून बाकीचे काढायचे. एक रीत कात्रीची. दुसरी रीत घट्ट रबरी कडं चढवायची. त्यापुढचा रक्तपुरवठा तुटतो, भाग काळा पडतो, सुकतो आणि काही दिवसांत गळून पडतो. भूल बहुतेक वेळा दिलेलीच नसते.

'त्या वयात त्यांना काही कळत नाही,' हे यावरचं नेहमीचं उत्तर. पिल्लाचे डोळे तेव्हा मिटलेले असतात हे खरं, पण वेदना वाहून नेणारे तंतू जागेच असतात. उलट, आलेली वेदना वरून दाबून धरणारी यंत्रणाच त्या वयात कच्ची असते. ऑस्ट्रेलियात 50 पिल्लांचं शेपूट छाटताना बारकाईनं निरीक्षण झालं. त्याचा अहवाल 1996 साली आला. सगळीच्या सगळी किंचाळली होती. काही मिनिटांत ती आईला बिलगून झोपतात, असं ब्रीडर सांगतात आणि तेही खोटं नाही. पण झोप लागली म्हणजे दुखत नव्हतं, असं कुठलाही बाळंतपण केलेला माणूस म्हणणार नाही.

चूक कुठे होते? हाड झाकायला पुरेशी कातडी मागे ठेवली नाही, तर जखमेचं तोंड नीट मिटत नाही. कडं सैल बसलं, तर भाग धड मरतही नाही आणि धड जगतही नाही. तिथे पू होतो. काही कुत्र्यांत कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाला गाठ येते. असं कुत्रं मोठेपणी ते थोटूक सारखं चाटत-चावत राहतं, आणि मालकाला वाटतं पिसवा झाल्या.

कानांचं काम याहून मोठं. पिल्लू सात ते बारा आठवड्यांचं असतं, पूर्ण भूल द्यावी लागते. कानाच्या पाळीचा मोठा भाग, कूर्चेसकट म्हणजे आतल्या मऊ हाडासकट, कापून कडेनं टाके घालतात. इतक्या लहान जिवाला भुलीत अंग गार पडण्याचा आणि रक्तातली साखर उतरण्याचा धोका असतो. आणि कापल्यानं कान उभा राहत नाही! तो उभा राहावा म्हणून आधार लावून चिकटपट्टीनं बांधतात, ती बांधणी दर काही दिवसांनी सोडून पुन्हा करतात. हे कित्येक आठवडे, कधी काही महिने चालतं. पट्टी ओली राहिली तर कातडी सडते, व्रण आकसला तर कान वळतो, आणि एवढं करून एक कान उभा, एक पडलेला अशीही कुत्री दिसतात. पिल्लानं माणसं, आवाज, रस्ता यांची ओळख करून घ्यायची तीच नेमकी वेळ. त्यात त्याला काय कळतं, तर माणसाचा हात डोक्याकडे आला की दुखतं.

कान उभे असले की आत हवा खेळते, कान पिकत नाहीत, हा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. ब्रिटनमध्ये सुमारे 22 हजार कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत कान पिकण्याचा धोका उभ्या कानवाल्यांच्या पावणेदोन पट निघाला. पण कान जास्त पिकणाऱ्या जातींच्या यादीत वर कोण होतं? बॅसेट हाउंड, शार पे, बीगल, गोल्डन रिट्रिव्हर. यांचे कान कुणी कापत नाही. कापतात डॉबरमनचे, कारण रुबाब हवा असतो. शिवाय कान पिकण्यामागे बऱ्याचदा अॅलर्जी असते, आणि आतली नळी तर वळणाचीच राहते. वरची पाळी कापून ती सरळ होत नाही.

शेपूट छाटण्याच्या बाजूनं मात्र एक खरा युक्तिवाद आहे, आणि तो शिकारी कुत्र्यांचा: झुडपांत लांब शेपटीला इजा होते, म्हणून ती आधीच छाटायची. ब्रिटनमधल्या 1 लाख 38 हजार कुत्र्यांच्या पाहणीत शेपटीला इजा झालेली कुत्री निघाली 281. हिशेब असा, की एक इजा टाळायला सुमारे 500 शेपट्या छाटाव्या लागतील. पण स्कॉटलंडमध्ये फक्त काटेरी झुडपांतून शिकार हुसकावणारी कुत्री पाहिली, तेव्हा स्पॅनियल या शिकारी जातीच्या, शेपूट न छाटलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक एका हंगामात शेपटीला जखम करून घेतात असं दिसलं. म्हणून 2007 पासून पूर्ण बंदी असलेल्या स्कॉटलंडनं 2017 साली कामाच्या स्पॅनियलना आणि तशाच काही शिकारी जातींना सूट दिली. पशुवैद्यानंच, पाच दिवसांच्या आत, आणि शेवटचा जास्तीत जास्त एक तृतीयांश भाग. दोन तृतीयांश शेपूट शाबूत राहतं. कोथरूडच्या सोसायटीतल्या बॉक्सरला यातलं काय लागू पडतं, ते तुम्हीच बघा.

शेपूट म्हणजे नुसता गोंडा नव्हे. शेपूट घालणं, कान टवकारणं, कान पाडणं हे शब्द आपण कुत्र्यांकडूनच घेतले. कॅनडातल्या संशोधकांनी एक यांत्रिक कुत्रा केला आणि त्याला कधी लांब, कधी आखूड शेपूट लावलं. लांब शेपूट हलत असलं की मोठी कुत्री जवळ यायची, स्थिर असलं की बिचकायची. आखूड शेपटीवरून त्यांना काहीच उलगडा होत नव्हता.

आपल्याकडचा कायदा 1960 चा. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या या कायद्याच्या कलम 11 मध्ये प्राण्याचा अवयव छाटणं हा गुन्हा आहे. सवलत दिलीय ती गुरांची शिंगं काढायला, खच्चीकरण, डाग देणं आणि वेसण यांना, तीही ठरलेल्या पद्धतीनं. शेपूट आणि कान त्यात नाहीत. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र 10 ते 50 रुपये. एवढ्यात फार तर वडापाव येतील.

आता कामाच्या गोष्टी. पिल्लू घ्यायचं असेल तर ते जन्मायच्या आधी ब्रीडरला सांगून ठेवा, की शेपूट तसंच हवं. पाचव्या दिवसानंतर सांगून उपयोग नाही. घरात शेपूट भिंतीवर आपटून टोक फुटलं, तर स्वच्छ कापडानं पाच-दहा मिनिटं दाबून धरा, मग सैलसर पट्टी बांधा. रक्त थांबेना किंवा तीच जखम पुन्हा पुन्हा उघडू लागली, तर डॉक्टर भूल देऊन टोक काढतील. तो इलाज आहे, त्याला कुणाचीच हरकत नसते.

लोंबते कान आठवड्यातून एकदा उलटून बघा, पावसाळ्यात दोनदा. वास, लाली, काळपट मळ दिसला किंवा कुत्रं सारखं डोकं झाडत असलं, तर आधी डॉक्टर. कान चांगला असून नुसता मळला असेल, तर डॉक्टरांनी दिलेलं कान धुवायचं औषध नळीत सोडा, कानाचं बूड बाहेरून अर्धा मिनिट चोळा, कुत्र्याला डोकं झाडू द्या आणि वर आलेला मळ कापसानं टिपून घ्या. काडीला गुंडाळलेला कापूस आत घालू नका, तो मळ आणखी खाली ढकलतो. अंघोळीनंतर कान आतून कोरडे करायचं तेवढं विसरू नका.

नमस्कार.