आधी पेडल, मग गिअरबॉक्स

मित्रहो, जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून मॅन्युअल बसवायचा म्हटलं की सगळी चर्चा गिअरबॉक्सभोवतीच फिरते. कोणता घ्यायचा, किती गिअरचा, कितीला पडेल. क्लचच्या पेडलची आठवण येते ती सगळ्यात शेवटी. मी तुम्हाला आज कळकळीने सांगायला आलोय, की कामाला हात घाला तो पेडलपासून. गिअरबॉक्स कितीही चांगला आणलात तरी क्लच पूर्ण सुटत नसेल, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नसेल, तर पहिला गिअर टाकताना तो खरखरणारच.

आपण 1965-66 मॉडेलची फोर्ड मस्टँग घेऊ. इथून जवळच, डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नच्या कारखान्यात, मार्च 1964 मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं आणि 17 एप्रिलला न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. 289 घन इंचांचं व्ही-8 इंजिन आणि सी-4 हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक, अशा पुष्कळ गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांत हौशी लोक टी-5 हा मॅन्युअल गिअरबॉक्स बसवतात. पाच गिअरचा, पाचवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फेऱ्यांवर चालतं, त्यामुळे हायवेला इंजिनाची धाप कमी होते.

आता डॅशबोर्डखाली डोकं घालून बघा. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकचं एकच रुंद पेडल लटकलेलं असतं. मॅन्युअल मस्टँगमध्ये क्लचचा दांडा आणि त्याचा आडवा शाफ्ट मिळून एकच भाग असतो, आणि ब्रेकचं पेडल त्याच शाफ्टवर झुलतं. म्हणजे नुसतं शेजारी एक पेडल जोडून भागत नाही, ब्रेकसकट सगळा संच उतरवावा लागतो. उतरवलाच आहे, तर बुश, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या बाह्या, बदलून टाका. साठ वर्षांत ते झिजलेले असतात. त्यांच्या जागी नीडल बेअरिंग (बारीक रोलरचं बेअरिंग) बसवलं तर पायाला फरक लगेच जाणवतो.

याच संचात एक जाड स्प्रिंग असते. क्लच दाबून धरणारी मूळ प्रेशर प्लेट तीन बोटांची, म्हणजे तीन तरफांची, कॉइल स्प्रिंगवाली. ती जितकी दाबावी तितकी जड होत जाते. म्हणून फोर्डने ही मदतीची स्प्रिंग दिली, जी मध्यबिंदू ओलांडला की पायाबरोबर पेडल खाली ओढते. आजचा डायफ्राम क्लच, म्हणजे बशीसारख्या एकाच स्प्रिंगचा, वेगळ्या स्वभावाचा आहे. तो एका टप्प्यानंतर हलका होतो. तिथे जुनी स्प्रिंग तशीच ठेवली तर तिचा जोर वरचढ ठरतो आणि पेडल जमिनीला चिकटून बसतं, वर येतच नाही. ही स्प्रिंग काढा. काढताना बोटं सांभाळा, ताण भयंकर असतो.

मूळ गाडीत पेडलचा जोर क्लचपर्यंत न्यायला सळ्या आणि झेड-बार (त्यांना जोडणारा आडवा फिरता दांडा) होता. एक्झॉस्टला हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या) लावले की तो त्यांना घासतो, म्हणून बरेचजण हायड्रॉलिक करतात: पेडलकडचा मास्टर सिलिंडर तेल ढकलतो आणि क्लचकडचा स्लेव्ह सिलिंडर त्या तेलाने क्लच सोडवतो. इथे खरा हिशेब आहे. शाफ्टच्या मध्यापासून पायाच्या रबरापर्यंत 300 मिलिमीटर धरा. मास्टर सिलिंडरची दांडी 50 मिलिमीटरवर जोडली, तर प्रमाण सहास एक. पाय साधारण 150 मिलिमीटर गेला की दांडी 25 सरकते. पाऊण इंची मास्टर असेल तर सुमारे 7 घन सेंटिमीटर तेल ढकललं जातं. स्लेव्ह सिलिंडर निवडायचा तो या आकड्यावरून.

पण दांडी जोडायला पेडलच्या दांड्यात भोक कुठे पाडायचं, हे नुसत्या अंतरावर ठरत नाही. पेडल वर्तुळात फिरतं, सिलिंडरला मात्र दांडी सरळ हवी. पेडल वर असताना दांडी पेडलच्या दांड्याशी काटकोनात ठेवलीत, तर शेवटाला तिचं टोक सुमारे 6.7 मिलिमीटर बाजूला जातं. काटकोन अर्ध्या प्रवासात आणलात, तर हेच विचलन 1.6 मिलिमीटरवर येतं. एवढ्याशा बदलाने सिलिंडरचं सील वाचतं. आधी पुठ्ठ्याचा दांडा कापून हे मापून बघा, मग लोखंडाला ड्रिल लावा. वेल्डिंग करायचं असेल तर प्लॅस्टिकचे बुश आधी बाहेर काढा.

इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीचा, म्हणजे फायरवॉलचा, पत्रा पातळ असतो. मास्टर सिलिंडर तिथेच बसतो. सिलिंडरमागे जाड पट्टी द्या, मग एकाला पेडल दाबायला सांगून तुम्ही बॉनेटखाली पाहा. पत्रा आत-बाहेर होत असेल तर तेवढा प्रवास वाया गेला. पेडलला खाली स्टॉपही हवा, तोही कमी-जास्त करता येईल असा. जास्त दाबलं गेलं तर डायफ्रामची बोटं वाकतात.

आणि वायरिंग विसरू नका. सी-4 गाडीत पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. तो स्विच गिअरबॉक्सबरोबर गेला, की लोक दोन वायरी सरळ जोडून मोकळे होतात. तसं करू नका. क्लचच्या दांड्यावर स्विच बसवा, म्हणजे पेडल पूर्ण दाबल्यावरच स्टार्टर फिरेल. गॅरेजमध्ये गाडी गिअरमध्ये उभी असते आणि पुढे कोणीतरी वाकून काम करत असतं, तेव्हा हाच स्विच कामी येतो. रिव्हर्सच्या दिव्याची वायर टी-5वरच्या त्याच्या स्विचला जोडा.