एकसष्टावे मूल

(ठाण्यात डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षक पदविकेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रहो, आणि त्यांच्यापेक्षा अधिक संख्येने आलेल्या पालकांनो,

ठाणे जिल्ह्यात प्राथमिक शिक्षकाला नोकरीची संधी किती, असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देईन. त्याआधी संचमान्यतेविषयी, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर होतात ते ठरवणाऱ्या कागदाविषयी बोलू द्या, कारण तुम्ही सगळे जाहिरातीची वाट पाहता आणि ती जाहिरात ज्या कागदातून निघते, तो तुमच्यापैकी कोणीच पाहिलेला नसतो. (पाहिला असल्यास हात वर करावा. एकच? तुम्ही मुख्याध्यापक आहात, तुमचा हात धरत नाही.)

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन. म्हणजे तिसऱ्या शिक्षकाची नोकरी एका मुलावर उभी असते. मी केंद्रप्रमुख, म्हणजे काही शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी असताना शहापूर तालुक्यातल्या आमच्या एका शाळेचा ३० सप्टेंबरचा पट बरोबर एकसष्ट होता; संचमान्यता त्याच तारखेच्या पटावर होते. मुख्याध्यापक खुशीत होते, आणि त्या आनंदात त्यांनी मला दोन वेळा चहा पाजला. पुढे संचमान्यता आली, तेव्हा पट साठ. तिसरीतल्या एका मुलीचे आधार ‘अवैध’ ठरले होते, आणि आधार वैध नसलेले मूल मोजणीत धरले नव्हते. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये तिचे नाव सोनाली, आधारवर सोनली. मी स्वतः तिला आणि तिच्या आजीला घेऊन आधार केंद्रावर गेलो, कारण आईवडील वीटभट्टीवर होते. पहिल्या दिवशी मशीन बंद होते. दुसऱ्या खेपेला जन्माचा दाखला मागितला गेला. मुलगी घरी जन्मलेली, नोंद कोणी केली नव्हती. तिसऱ्या खेपेला दाखल्याची तजवीज करून गेलो, तर बोटांचे ठसे उमटेनात. आजी मला म्हणाली, “गुरुजी, पोर तर तुमच्या समोर उभी हाय, मोजा की.” या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, शासन निर्णयातही ते मला सापडले नाही.

दुरुस्ती झाली तोवर मुदत टळली होती. सहा वर्षे त्या शाळेत असलेल्या बाई अतिरिक्त ठरल्या आणि समायोजनात मुरबाडकडे गेल्या. सोनाली रोज शाळेत येत राहिली आणि पोषण आहाराच्या नोंदवहीत तिची हजेरी लागत राहिली. थोडक्यात, सरकारच्या लेखी ती खिचडी खात होती, शिकत मात्र नव्हती. (हसू नका, पुढच्या भरतीतली एक जागा तिथेच गेली. अतिरिक्त झालेल्या शिक्षकाला आधी रिकाम्या पदावर बसवतात, त्यानंतर तुमचा नंबर.)

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे. तेव्हा आता संधीचे बोलू आणि भराभर बोलू.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि आदिवासी पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांचा मोठा वाटा त्याच्याबरोबर गेला. आपल्याकडे शहापूर, मुरबाड आणि भिवंडीचा ग्रामीण भाग उरला. जिल्हा परिषदेतली संधी मुख्यतः तिथे आहे, ठाणे शहरातल्या घंटाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर नाही. भरती शासनाच्या पवित्र पोर्टल या संकेतस्थळामार्फत, टेट म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर टीएआयटी या अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या दोनशे गुणांवर होते, आणि ठाण्याचा प्राधान्यक्रम राज्यभरातले उमेदवार भरतात. आंतरजिल्हा बदलीच्या भरवशावर दूरचा जिल्हा निवडणाऱ्यांनी ती रांग किती मोठी असते हे आधी एखाद्या शिक्षकाला विचारावे. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून दरमहा सोळा हजार मिळतात. २०२३ पूर्वी सहा हजार होते, म्हणून कोणी फार कुरकुर करत नाही.

तुमच्या बाजूच्या दोन गोष्टी. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. पात्र धरता येणार नाही असे ठरवले, त्यामुळे तुमच्या पदविकेला पुन्हा भाव आला. सप्टेंबर २०२५ च्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टेट उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. त्यातून जागा रिकाम्या होतील या हिशेबावर मात्र घर बांधू नका. वर्गावर पंधरा वर्षे उभा राहिलेला माणूस अभ्यासाला बसला, तर तो तुमच्यापेक्षा जास्त गुण मिळवू शकतो.

घोडबंदर रस्ता, ऐरोली, घणसोली या भागांत खासगी विनाअनुदानित इंग्रजी शाळांत जागा लवकर मिळतात आणि तितक्याच लवकर सुटतात. तिथे मुलाखतीला गेलात, तर पगार किती यापेक्षा तो वर्षातले किती महिने मिळतो हे विचारा, मे महिन्याचे नाव घेऊन विचारा. आणि मूळ गुणपत्रिका कोणी ‘जमा’ करायला सांगितली, तर साक्षांकित झेरॉक्स द्या आणि मूळ पिशवीत घालून घरी आणा.