पिवळं ते गुलाबी

[एंडोस्कोपीचं चित्रण]
हे जठर, आतून. दुर्बीण घड्यांवरून पुढे सरकतेय... आणि हा खड्डा. पांढुरक्या बुडाचा, कडेनं रक्त झिरपणारा. हा अल्सर. दोन दिवस डांबरासारखी काळी शी आणि मग रक्ताची उलटी, एवढ्यावर पेशंट इथवर पोचला.

क्लिप बसली. रक्त थांबलं. पण दुर्बीण अजून बाहेर काढलेली नाही.

[चिमट्याचा क्लोजअप]
हे इवलेसे जबडे बघा. जठराच्या खालच्या भागातून एक चिमटा, मधल्या भागातून दुसरा. तांदळाच्या कणीएवढे तुकडे. एक तुकडा या पिवळ्या जेलमध्ये टोचायचा.

जेलमध्ये युरिया आहे आणि रंग बदलणारं एक द्रव्य. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा अल्सर घडवणारा जंतू युरिया फोडून अमोनिया बनवतो. त्याच अमोनियाच्या आडोशानं तो जठराच्या ॲसिडमध्ये तगून राहतो, आणि इथे त्यानंच पकडला जातो. हे पाहा, दुसऱ्या एका पेशंटचं जेल: तुकड्याभोवती गुलाबी कडं. आता सगळं जेल गडद गुलाबी.

[जुनी कल्चर प्लेट]
हा जंतू आधी प्लेटवर वाढतच नव्हता. दोन दिवस वाट पाहून प्लेट फेकायच्या, अशी पद्धत. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला ईस्टरची सुट्टी मध्ये आली, प्लेट जास्त दिवस इन्क्युबेटरमध्येच राहिल्या, आणि उघडल्या तर जंतू वाढलेला! हा जंतू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं, त्यामागे ही सुट्टीही आहे.

[दुसरं जेल, पिवळंच]
हा आपला पेशंट. रंग बदलला नाही. कागदावर ‘निगेटिव्ह’ लिहिलं जातं आणि कधीकधी विषय तिथेच मिटतो. मिटू नये. जठरात रक्त असलं की ही चाचणी फसू शकते. आल्या आल्या ॲसिड कमी करणारं इंजेक्शन सुरू झालेलं असतं, त्यानं जंतूंची संख्याही घटते. रक्तस्रावाच्या दिवशीचं ‘निगेटिव्ह’ म्हणजे फक्त ‘आज सापडला नाही’.

[मायक्रोस्कोप]
म्हणून दुसरा तुकडा पॅथॉलॉजीत. गिम्सा रंगात हे बारीक, वाकडे, निळसर धागे. इथेही सापडला नाही तरी काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. त्याआधी अँटिबायोटिक घेतलं असेल तर ते संपून चार आठवडे झालेले हवेत आणि ॲसिडची गोळी दोन आठवडे बंद हवी, तीही डॉक्टरांना विचारूनच. जंतू राहिला तर अल्सर परत फुटू शकतो. सापडला तर साधारण 14 दिवसांचा कोर्स.

[श्वासाची चाचणी]
या वेळी दुर्बीण नाही. आधी एक पिशवी फुंकून घेतली. मग खुणेचा कार्बन असलेला युरिया पाण्यातून प्यायला दिला. जंतू असेल तर तोच कार्बन श्वासातून बाहेर येईल. अर्ध्या तासानं ही दुसरी पिशवी. फुंका. अजून थोडं. हां, बस्स.