शेंड्यापासून सुरुवात

[दृश्य : लाकडी फळीवर पिकलेला अननस. एक हात हिरवा शेंडा घट्ट धरून पिळतो. करकर आवाज होतो आणि शेंडा सुटून हातात येतो.]

हा तुकडा एरवी सरळ कचऱ्यात जातो. पण खालची पाच-सात पानं सोलून काढली, की बुडाशी बारीक तपकिरी गाठी दिसतात. ही मुळं. फळ कापायच्या आधीच तयार होऊन बसलेली.

चिकटलेला गर नीट काढून टाकायचा, नाहीतर बुंधा कुजतो. मग शेंडा चार-पाच दिवस सावलीत नुसता पडू द्यायचा. जखम सुकली, की पाणी पटकन निचरणाऱ्या मातीत रोवायचा. पुढचं काम मुख्यतः वाट पाहण्याचं. फळ यायला दोन वर्षं लागतात, ऊन कमी पडलं तर तीनही.

[दृश्य : जुन्या काचघराचं रेखाचित्र. काचांवर साचलेली वाफ.]

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. थंड युरोपात तो पिकवून दाखवण्याचं वेड अठराव्या शतकात शिगेला पोचलं होतं. इंग्लंडमधल्या धनिकांनी त्यासाठी काचघरं बांधली, भट्ट्या पेटत्या ठेवल्या. कुंड्या ओकच्या सालीच्या ओल्या चुऱ्यात पुरल्या जात, कारण तो कुजताना कित्येक आठवडे ऊब देतो. एवढ्या खटाटोपातून आलेलं फळ इतकं महाग पडे, की काही जण ते मेजवानीपुरतं भाड्यानं आणत आणि न खाता परत करत.

हसू येतं खरं. पण थंड हवेत खोली तापवून आणि दिवसभर दिवे लावून आंब्याचं रोप जगवणं, हे त्याच घराण्यातलं. ओकच्या सालीचं निदान शेवटी खत तरी होत होतं.

घरी लावलं म्हणजे आपोआप पर्यावरणाचं भलं झालं, हा समज म्हणूनच जरा तपासून घ्यायला हवा. झाड निष्पाप असतं. प्रश्न त्याच्याभोवती आपण काय काय विकत आणतो, याचा आहे.

[दृश्य : पिशवीतून कुंडीत पडणारं काळं, हलकं मिश्रण. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

कुंडीसाठी मिळणाऱ्या तयार मिश्रणात बऱ्याचदा पीट असतं. पीट म्हणजे दलदलीत, हवेअभावी अर्धवट कुजलेलं शेवाळ. त्याचा थर वर्षाला साधारण १ मिलिमीटरनं वाढतो. म्हणजे वीतभर थर साचायला दोन शतकं, आणि आपण तो एका दुपारी कुंडीत रिकामा करतो. पृथ्वीवरच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भाग पीटचा. पण जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन त्यात दडलेला आहे. उपसलं, की त्याला हवा लागते आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो.

कोकोपीटच्या नावात पीट असलं, तरी तो नारळाच्या सोडणाचा भुसा. पीटपेक्षा बरा, पण त्यात मीठ उरलेलं असू शकतं, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुवून घ्यावा. झाडाला खायला त्यात जवळपास काहीच नसतं. घरचं कंपोस्ट, कुजलेला पालापाचोळा आणि थोडी जाड वाळू मिसळली, की अननसाला पुरतं.

आणि कुंडी? मातीची भाजायला भट्टी लागते, प्लास्टिकचं तर सगळ्यांना ठाऊकच आहे. सगळ्यात चांगली कुंडी म्हणजे घरात पडून असलेली. तडा गेलेल्या बादलीला खाली भोकं पाडली, की झालं.

[दृश्य : खिडकी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जमिनीवर सरकणारा उन्हाचा चौकोन.]

रोप आणण्याआधी एक दिवस हा चौकोन पाहा. झाडासाठी खिडकी बदलता येत नाही. खिडकी पाहून झाड निवडता येतं. आंब्याची कोय उगवते छान, कोवळी तांबूस पानंही सुंदर दिसतात, पण कुंडीत तिला फळ धरेल, या भरवशावर राहू नका. फळच हवं असेल, तर बुटक्या जातीचं कलम घ्या. रोपटं म्हणून जपायचं असेल, तर कोय ताजी असतानाच लावा. वाळली की मरते.

अननसाला मात्र पाण्याचीही घाई नसते. त्याची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात फारसं पाणी उडून जात नाही. घरातले बहुतेक अननस तहानेनं नाही, आपल्या मायेनं मरतात. माती वर कोरडी दिसली, तरी बोट आत घालून पाहायचं आणि मगच पाणी.

[दृश्य : रुंद पसरलेलं, पूर्ण वाढलेलं झाड. एक हात मधोमध सफरचंद ठेवतो आणि झाडावर पिशवी चढवतो.]

झाड भरलं, तरी फुलायचं नाव घेत नसेल, तर ही जुनी युक्ती. एकोणिसाव्या शतकात अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवरच्या काचघरांत धुरामुळे अननस फुलल्याचं लक्षात आलं. करामत धुरातल्या इथिलीन वायूची होती आणि पिकलेलं सफरचंदही तोच वायू सोडतं. पिशवी चार-पाच दिवस ठेवायची. कच्च्या झाडावर याचा उपयोग होत नाही. जमलं, तर दोनेक महिन्यांनी मधोमध लालसर कोंब दिसतो, त्यावर जांभळी फुलं येतात आणि शंभराच्या वर फुलांचं मिळून एकच फळ तयार होतं.

मग पुन्हा सहाएक महिने. पिवळेपणा बुडापासून वर चढत जातो. इथे हात शिवशिवतात. पण तोडल्यावर अननस आणखी गोड होत नाही. जी गोडी भरायची, ती झाडावरच. दूर पाठवायच्या फळाला हा वेळ पुरता मिळत नाही. खिडकीतल्या फळाला देता येतो. पिवळा रंग अर्ध्याच्या वर चढला आणि खोलीत वास दरवळायला लागला, की सुरी काढा.

[दृश्य : सुरी. देठ. काळोख.]